गुनवरची वस्ती

आम्ही निघालो होतो ते फक्त ह्यूबर्टच्या आडनावाचं गाव बघायला. आडनाव गुनवरबी, लग्नानंतर माझंही तेच. इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या टेकड्यांत त्या नावाचं खेडं आहे हे त्याला निवृत्तीनंतर कळलं, आणि मग त्याला दुसरा विषयच उरला नाही.

दुपारी पोचलो. चर्चच्या आवारात टास्कर नावाच्या गावातल्याच एक बाई फुलदाण्यांतली फुलं बदलत होत्या. आडनाव ऐकून त्या हसल्या.

"म्हणजे तुमचे पूर्वज इथून निघून गेलेले. राहणाऱ्याला कोण गावाच्या नावाने हाक मारतं? सोडून जातो, त्यालाच परमुलखात ते चिकटतं."

"आणि गावाला हे नाव कुणाचं?" ह्यूबर्टने विचारलं.

"गुनवरचं. 'बी' म्हणजे वस्ती, डेन्मार्कहून आलेल्या जुन्या लोकांच्या भाषेत. बाई होती हो गुनवर! चर्चमागच्या शेतात तिचं घर होतं म्हणतात."

बाई! इतकी वर्षं मी एका परक्या बाईचं नाव लावत होते. ह्यूबर्टचा चेहरा असा उजळला की माझा जळफळाट झाला. माझं माहेरचं आडनाव पिंडर, चुकार गुरं कोंडवाड्यात घालणाऱ्यांचं. त्याचा अर्थ त्याने कधी विचारला नव्हता.

"जरा बघून येतो," म्हणत तो शेतात शिरला. पाठोपाठ समुद्राकडून धुकं आलं. त्याला ओल्या लोकरीचा, धुराचा वास होता. मी कुंपणापाशी थांबले. आत ह्यूबर्ट बोलत होता... हळू, लाडाने. तो आवाज माझ्या वाट्याला येऊन किती काळ लोटला होता!

"ह्यूबर्ट!"

आतला लाडिक आवाज चालूच राहिला.

"अहो मिस्टर गुनवरबी, पुरे झालं आता!" मी खवळून ओरडले.

"हं...?" अगदी माझ्या कानाशी एक बाई म्हणाली.

वळून पाहिलं. धुकंच धुकं.

मग तो बाहेर आला. शांत. कानामागे त्याच्या वाढवलेल्या केसांची बारीक वेणी होती, लाल लोकरीने बांधलेली.

"ही कुणी घातली?"

त्याने हात लावून पाहिलं आणि हसला. "असू दे ना, मिल्ड्रेड..."

घरी तो खुर्चीत पेंगल्यावर मी वेणी कापून शेगडीत टाकली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सकाळी वेणी पुन्हा जागेवर होती. माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूचे केस पार मुळापासून कापलेले. आणि त्याच्या वेणीत, ओल्या लाल लोकरीच्या जोडीला, माझे पांढरे केस गुंफले होते... घट्ट, सरावलेल्या हाताने.