थोरला आणि माळ्यावरचा माणूस

"हा पाय रस्त्यात रुतणार," ती चित्रकथेचं पान डोळ्यांजवळ धरून पुटपुटली. पण दुकानात इतकी शांतता होती की पलीकडच्या कपाटापर्यंत ऐकू गेलं. "गुडघ्यापर्यंत तरी नक्कीच."

पलीकडे पुस्तकांची चळत धाडकन कोसळली आणि त्या ढिगामागून एक तरुण उभा राहिला. त्याच्या कानाला शाई लागली होती.

"का... रुतेल?"

आता क्रेनच्या कारखान्यात वजनांचे हिशेब करणाऱ्या मुलीला असं विचारायचं असतं का? ती सुरूच झाली. "उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, तळवा मात्र चौपटच. दहा मजली यंत्रमानव साध्या डांबरी रस्त्यावर आला की पावलागणिक खड्डा. आणि इथे बघा, पुढच्याच पानावर हा पळतोय. चित्रं काढणाऱ्याला कुणी सांगत कसं नाही?"

"कुणी... सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि कानाच्या शाईपर्यंत लाल झाला.

अशी ओळख झाली. दर शनिवारी त्याच्या कामाच्या खोलीवर जायचं आणि ‘थोरला’ या त्याच्या यंत्रमानवाच्या चित्रकथेतल्या चुका काढायच्या, असं ठरलं. ती मावशीकडे राहायची. मावशीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मुलं मुलींना सिनेमाला नेतात गं. तुला चुका काढायला बोलावलंय?"

त्या खोलीत एक माळा होता, आणि छताच्या काचेतून येणारा उजेड थेट त्या माळ्यावर पडायचा. चित्रकार तिथेच बसायचा. ती खाली टेबलापाशी, हातात लाल पेन्सिल घेऊन. काढलेली पानं दोरीच्या टोपलीतून खाली यायची, चुकांवर खुणा होऊन वर जायची. वर असला की महाराजांची जीभ अशी चालायची की ऐकत राहावं. खाली उतरला की तोंडाला कुलूप. म्हणून तो उतरायचाच नाही.

"थोरला पळणार नाही," ती खालून सांगायची.

"बरं. रमतगमत चालेल."

"आणि खडकावरूनच चालेल."

"मंजूर. शहर उचलून खडकाळ किनाऱ्यावर नेतो. अजून काही हुकूम?"

"चालून चालून त्याचे गुडघे तापणार."

काचेवर पावसाची बारीक टपटप. मग वरून आवाज आला, "तापू देत. संध्याकाळी तो गुडघे गार करायला समुद्रात उभा राहील... आणि कोळी त्याच्या आडोशाला होड्या बांधतील."

तिची पेन्सिल थांबली. ती अडचण टाकायची आणि हा त्यातून असं काहीतरी काढायचा. इथेच ती त्याच्या प्रेमात घसरली, हे काय वेगळं सांगायचं?

"आणि त्याच्या हाताला स्पर्श कळणार नाही," ती एकदा म्हणाली. "जहाज उचलेल, पण माणूस धरला तर चुरडेल."

"बिचारा. म्हणजे छातीत बसून त्याला चालवणारा सारथी... कुणाला हातच देऊ शकणार नाही?"

"नाही," ती म्हणाली, आणि उगाचच तिला वाईट वाटलं.

आणि मग तिची बदली झाली. दूरच्या बंदरावर, दोन वर्षांसाठी. तिने सांगितलं तेव्हा माळ्यावरून फक्त "अच्छा" आलं. त्या एका शब्दाने तिचा सगळा आठवडा खाल्ला. आज शेवटचा शनिवार होता, उद्या ती निघणार होती. त्याने आजही काही म्हटलं नाही, तर ती गेली म्हणजे गेलीच.

शेवटच्या भागाची पानं खाली आली. कथेत हवामान सांगणारी एक मुलगी होती, सारथ्याचा जीव जडलेली; ती गलबतातून गाव सोडून निघते. सारथ्याकडे परतायला ती गलबताच्या डोलकाठीवरून उडी मारते, आणि थोरला तिला अलगद तळहातावर झेलतो. चित्र इतकं देखणं होतं की टेबलापाशी ती बघतच राहिली.

तरी तिने लाल रेघ मारली. "हे चालणार नाही. लोखंड आहे ते. आणि त्याच्या हाताला स्पर्श कळत नाही, हे आपणच ठरवलंय."

"एकदा कळला तर काय बिघडलं? शेवट आहे."

"शेवट आहे म्हणूनच. फसवून गोड केलेलं मला पटत नाही रे... आणि हे मला पटायला हवंय. खूप हवंय."

बराच वेळ वर नुसती लेखणी कुरकुरत राहिली. ती पर्स उचलून निघणारच होती, तेवढ्यात टोपली खाली आली.

नवीन पान. थोरला धक्क्यापाशी गुडघे टेकून बसलाय. छातीचं दार उघडलंय. सारथी बाहेर आलाय, शिडीवर पाय ठेवतोय. शेवटची चौकट कोरी.

"आणि पुढे?" तिने वर पाहून विचारलं.

उत्तराऐवजी शिडी करकरली. तो उतरत होता, सावकाश, एकेक पायरी चाचपत. खाली येऊन तिच्यासमोर उभा राहिला. कानाला शाई होतीच.

"खाली उतरल्यावर सारथ्याला... बोलता येतं का, हे आपण ठरवलं नव्हतं."

"येतं," ती हळूच म्हणाली. "अडखळत येतं. पण येतं."

"मला तू आवडतेस." एवढं बोलून त्याने दम घेतला. "जाऊ नकोस, असं नाही म्हणणार मी. तुझं काम आहे ते. पण... पानं कुठूनही पाठवता येतात. मी आलो तर?"

त्याने हात पुढे केला. शाईने बरबटलेला. तिने तो दोन्ही हातांत घेतला.

"स्पर्श कळतोय?" तिने विचारलं.

"कळतोय."

"मग ये," ती म्हणाली. डोळे भरले होते तरी तिला हसू आलं. "फक्त माळा नसलेली खोली बघू."