भार कोणत्या शब्दावर?

स्वामीमलैच्या टाउन बसमध्ये खिडकीशी बसून शिवरंजनी एकच इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुंभकोणमच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. आयर्लंडची नोकरी मिळण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, आणि बोलण्याच्या भागात ती एकदा नापास झाली होती.

"सगळे शब्द सारखेच म्हटले तर अर्थ कळायचा कसा?" मागून कोणीतरी तमिळमध्ये म्हणालं.

ती चमकून वळली. चष्मा, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, ओठांत दाबलेलं हसू... "काय आगाऊ माणूस!" ती घरच्या तंजावरी मराठीत पुटपुटली.

"आगाऊ खरा," तो मराठीत म्हणाला, "पण इंग्रजीचा मास्तर आहें."

तिचे कान लाल झाले. घराबाहेर, बसमध्ये, आपली बोली कुणाला कळेल असं तिला वाटलंच नव्हतं!

त्याचं नाव विजयराघव. पुढच्या रविवारपासून तो तिच्या घरी शिकवायला येऊ लागला. आई, नागलक्ष्मी, शेजारच्या खोलीत फुलं ओवत बसायची.

"आपण 'मीच' म्हणतों, 'आत्ताच' म्हणतों. इंग्रजीत तसा 'च' नाही," तो सांगायचा. "जो शब्द महत्त्वाचा, त्यावर आवाजाचा भार. म्हणा, 'आय गेव्ह हिम टू टॅब्लेट्स.'"

तिने 'टू'वर भार दिला.

"म्हणजे दोनच, तीन नव्हेत. आतां 'हिम'वर?"

"त्यालाच दिल्या, शेजारच्या रोग्याला नव्हेत." ती थबकली. "भार चुकला तर गोळ्या भलत्याच्या पोटात जातील हो!"

तो मनापासून हसला. मग एका रविवारी तिने विचारलं, "'यू आर लेट' यांत 'यू'वर भार दिला तर?"

"तर बाकीचे वेळेवर आले, तुम्हीच उशिरा."

"इथं बाकीचं कोण आहे?"

त्याने पुस्तकात डोकं घातलं. "कोणी नाही," तो हळूच म्हणाला.

ती पास झाली. दोन वर्षांच्या नोकरीचं पत्र आलं. विजयराघवने अभिनंदन केलं, चहा अर्धाच प्यायला आणि निघून गेला. त्याचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. त्याला गाव सोडता येणार नव्हतं. तिच्याही डोक्यावर धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं. थांब म्हणायचं तरी कुणी कुणाला?

निघायला दोन दिवस उरले असताना त्याचा मेसेज आला. तीनच शब्द — 'आय विल वेट.'

ती पाहतच राहिली. 'आय'वर भार असेल तर — इतरांचं ठाऊक नाही, मी थांबेन. 'वेट'वर असेल तर — नुसता थांबेन, अधिक काही मागू नका. आणि 'विल'वर असेल तर...

तिने चप्पल पायांत सरकवली आणि त्याच्या गावची, सुंदरपेरुमाळ कोयिलची बस पकडली. भर दुपारी ती त्याच्या दारात उभी राहिली. तो वडिलांना दहीभात भरवत होता.

"मेसेजांत आवाज येत नाही," ती म्हणाली. "भार कुठल्या शब्दावर आहे, तें सांगा."

त्याने हातातला चमचा वाटीत ठेवला.

"'विल'वर," तो म्हणाला. "कोणी कांही म्हणो... थांबेन."

पलंगावरून वडिलांनी जड जिभेनं विचारलं, "कोण गं तूं?"

तिने विजयराघवकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"शिवरंजनी," ती म्हणाली. "परवा परदेशी चालले आहें, मामा. दोन वर्षांनी इथं येईन. ह्या घरी."

म्हाताऱ्याच्या ओठांची एक कड हलली. त्याला ठसका लागला. तिने चटकन पुढे होऊन त्याच्या पाठीमागे उशी सरकवली, मान जराशी पुढे झुकवली.

"असं बसवून भरवा," ती विजयराघवला म्हणाली, "म्हणजे ठसका लागणार नाही. हात धुऊन येतें, दाखवतें."