डाव्या बाजूची सीट

वाट चुकणं म्हणजे काय, हे सांगू शकणारी माणसं आता पन्नाशीच्या पुढची उरली होती. त्याहून लहान कुणाला विचारलं, तर ते हसून कानामागे बोट लावत. तिथे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा 'वाटाड्या' बसवलेला असे. वळण आलं की तो त्या बाजूच्या खांद्याला हलकी गुदगुली करी. नकाशा नको, पाट्या वाचायला नकोत, टपरीवर उतरून कुणाला विचारायला नको. आणि विचारलं असतं तरी टपरीवाल्याला कुठे काय ठाऊक होतं? तोही संध्याकाळी खांद्याच्या भरवशावरच घरी जायचा.

हणमंत घोळवे बीडचा ट्रक ड्रायव्हर, वय एकसष्ट. उमेदीची अठरा वर्षं त्याने कागदी नकाशावर गाडी चालवली, इतरांनी केव्हाच बसवलेला वाटाड्या फार उशिरा बसवून घेतला आणि पुढची वीस वर्षं त्याच्यावर काढली. तो मुलीला, संजीवनीला, सोबत घेऊन पुण्यात डॉ. अन्वया सोमण यांच्या प्रयोगशाळेत आला. डॉक्टर मेंदूतल्या स्मृतीवर काम करत. हणमंत खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"मपली बायको सहा वर्सं माझ्या गाडीत व्हती, डॉक्टरबाई. सुभद्रा. हिचं लगीन झालं अन् तिला घर खायला उठलं, म्हणून यायला लागली. सोलापुरात चादरी भरायच्या, धुळ्याला उतरायच्या. वाटभर बोलायची. मागल्या साली ती गेली. अन् मला त्या सहा वर्सांतलं तिचं एक बी बोलणं आठवत न्हाई."

"एकही नाही?"

"गाडीत चढताना दिसती, उतरताना दिसती. मधलं समदं कोरं. नकाशावर गाडी चालवत व्हतो तवाचं मात्र बारीकसारीक आठवतंय. पाडळसिंगीच्या चहावाल्याच्या म्हशीला रेडकू झालं, ते बी आठवतंय. म्हशीचं आठवतं अन् बायकोचं न्हाई. काय उपेग असल्या डोस्क्याचा?"

संजीवनी खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. त्यांच्या यादीत असे चारशे ड्रायव्हर होते, पण बायकोसाठी आलेला हा पहिलाच.

"दोष तुमच्या प्रेमाचा नाही, हणमंतराव," त्या म्हणाल्या. "आपल्या मेंदूत एक छोटासा भाग आहे. आपण कुठे आहोत, कुठून आलो, कुठे वळलो, याचा नकाशा तो काढत असतो. एकेका जागेसाठी तिथे एकेक पेशी जागी होते, तिला आम्ही ठिकाणपेशी म्हणतो. निसर्गाने काटकसर अशी केलीय की प्रसंगांच्या आठवणीही तिथेच ठेवल्यात. ठिकाणपेशी म्हणजे भिंतीतल्या खुंट्या समजा. जे घडतं ते त्या खुंटीवर टांगलं जातं. तुम्ही वाट शोधत होता तेव्हा खुंट्या ठोकल्या जात होत्या. वाटाड्या आला आणि खुंट्या ठोकायचं कामच संपलं."

"मंग तिचं बोलणं कुठं गेलं?"

"कदाचित कुठेच नाही. खाली पडलेलं असेल. आता खुंट्या ठोकल्या तर त्यातलं काही वर चढेल, असा माझा अंदाज आहे. नुसता अंदाज, खात्री नाही."

उपाय ऐकायला सोपा होता. वाटाड्या बंद करायचा, पेशींना उभारी देणारं औषध टोचायचं आणि तोच सोलापूर-धुळे रस्ता कागदी नकाशा घेऊन पार करायचा. अट एकच, शेजारची सीट रिकामी हवी. नव्या खुंट्यांवर जुनं चढायच्या आत नवं काही चढता कामा नये.

हणमंत पहिल्यांदाच हसला. "डॉक्टरबाई, तुमी कदी नकाशावर गाडी चालवलेली दिसत न्हाई. नकाशाला दोन माणसं लागत्यात. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं डावीकडं बसून नकाशा वाचायचा, डावी बाजू बघायची. एकट्यानं नकाशा वाचला तर गाडी खड्ड्यात."

हे डॉक्टरांच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसरा कोण? संजीवनी बसली तर तिच्या आणि आईच्या आठवणींची भेसळ होण्याची भीती. शेवटी त्या स्वतःच बसल्या, आपलाही वाटाड्या बंद करून आणि मुळीच बोलायचं नाही असं ठरवून. हा निश्चय तुळजापूरपर्यंत टिकला.

कारण नकाशा वाचायचा म्हणजे तोंड उघडावं लागतं, आणि एकदा उघडलेलं तोंड फक्त 'डावीकडे घ्या' एवढ्यावर थांबत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात त्यांनी सांगितलं की कानात दडे बसले की आपल्याला बरं वाटतं, जग जरा लांब गेल्यासारखं. गेवराईला तिखटमीठ लावलेला पेरू खाताना आईबद्दल बोलल्या. हणमंत मान डोलवत ऐकत होता. पाचोडला मात्र त्यांनी नकाशा उलटा धरला आणि ट्रक पैठणच्या रस्त्याला लागला. तासाभराने चूक कळली तेव्हा हणमंतने गाडी बाभळीखाली लावली.

डॉक्टर खाली उतरल्या. चारी बाजूंना कापूस आणि कुठेच खांद्याला गुदगुली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सहा वर्षांची होते तेव्हा वाटाड्या बसवला," त्या म्हणाल्या. "आयुष्यात कधी चुकलेच नाही मी. एकदा तरी चुकावं, आणि कुणीतरी रागवू नये, असं फार वाटायचं."

"म्या कशाला रागवू?" हणमंत म्हणाला आणि त्याने ट्रक वळवला.

तीन आठवड्यांनी बापलेक पुन्हा आले. हणमंतच्या चेहऱ्याकडे बघताच डॉक्टरांना कळलं की काहीतरी घडलंय. तो दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"आठवलं, डॉक्टरबाई. समदं आठवलं. रोज थोडं थोडं वर येतंय. घाटात दडे बसले की सुभद्राला बरं वाटायचं. जग लांब गेल्यावानी वाटतं, म्हणायची. अन् एकदा पाचोडला तिनं नकाशा उलटा धरला, आमी पैठणकडं गेलो. उतरून रडली. म्हणली, एकदा तरी चुकावं, अन् कुणी रागवू नये, असं लय वाटायचं. सहा वर्सं शेजारी बसली, अन् तिच्या मनात एवढं व्हतं हे मला आत्ता कळालं."

सुभद्राच्या काळात गाडीत नकाशाच नव्हता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. संजीवनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "आई अशीच होती. कदी बोलून दाखवलं न्हाई तिनं."

काय झालंय ते डॉक्टरांना लख्ख समजलं होतं. डावीकडे बसलेल्या बाईचं बोलणं मेंदूला हवं होतं, आणि त्याला मिळालं ते त्याने टांगलं. सहा वर्षं सुभद्रा खरोखर काय बोलली होती, हे आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि यापुढे कुणी शोधणारही नव्हतं. खरं सांगितलं तर हा माणूस दुसऱ्यांदा विधुर होणार होता. बाहेरच्या बाकावर पुढचे तीन ड्रायव्हर बसले होते.

निघताना हणमंत दारात थांबला.

"एक इचारू? पोरगी म्हणती, मागच्या त्या फेरीला तुमी माझ्यासंगं आल्ता. मला तर तुमचं कायबी आठवत न्हाई. आल्ता का खरंच?"

डॉक्टरांनी संजीवनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही, हणमंतराव," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघंच होता."