मे महिन्यातला काळा कोट

रविवारी दुपारी मनोरमाबाई पांगारकर नुकत्याच आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्या सदस्य असलेल्या वकिलांच्या शिस्तपालन समितीचे अध्यक्ष होते.

"ताई, उद्या त्या पराग डांगेचा निकाल. सनद रद्द करावी असंच बहुतेकांचं मत आहे. तुम्ही एकदा दोन्ही बाजूंना भेटून या. उगाच मनाला टोचणी नको."

टोचणी त्यांच्या मनाला, आणि जिने चढायचे मनोरमाबाईंच्या गुडघ्यांनी! पस्तीस वर्षं वकिली केली, आता वकिलांचीच उणीदुणी ऐकायची. याने त्याचा अशील पळवला, त्याने याची तारीख चुकवली. बाईंना खरोखर वीट आला होता. पण एखाद्याची सनद घेणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलणं. त्या उठल्या आणि भोपाळच्या तुलसी नगरातून रिक्षा करून आधी आनंद नगरला गेल्या.

तक्रार कुसुम वऱ्हाडपांडे यांची होती, आपलाच वकील पराग फितूर झाल्याची. नवरा गेल्यावर मोठे दीर विजयराव घरावर हक्क सांगत होते. ते घर कुसुमच्या नवऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधलं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, श्याम मिस्त्री. ते बांधकाम त्यानेच केलं होतं. तो आता इटारसीला राहत होता. सुनावणीच्या आधीच दिरांची माणसं त्याच्यापर्यंत पोचली आणि मिस्त्रीने तोंड उघडायचंच बंद केलं.

"मिस्त्रीचं गाव कुणाला माहीत होतं?"

"फक्त मला. साक्षीदार आहे एवढं परागजींना सांगितलं होतं. मग मे महिन्यात त्यांचा ज्युनियर आला. म्हणाला, समन्स काढायचंय, पत्ता सांगा. मी सांगितला."

"ज्युनियरच कशावरून?"

"काळा कोट होता की मॅडम! गळ्याशी पांढरा बँड, अगदी नीट बांधलेला. बोलणंही पक्कं वकिली. उन्हात घामाने नुसता निथळत होता बिचारा. मी पन्हं दिलं."

"आणखी काही आठवतं?"

कुसुमने विचार केला. "कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. ट्रंकेतून काढल्यासारखा."

"दीर कुठे असतात?"

"मंडीदीपला. एका कारखान्यात मोठे साहेब आहेत. मॅडम, हे घर गेलं तर मी मुलीला घेऊन कुठे जाऊ? ज्याच्यावर भरवसा टाकला, त्यानेच विकलं मला."

मनोरमाबाई तिच्या हातावर हात ठेवून उठल्या.

परागचं ऑफिस टी. टी. नगरात, एका दुकानाच्या वर होतं. जिना अर्थातच उभा. वर पराग दाढी वाढवून बसला होता आणि शेजारी त्याचा मित्र दिगंबर घाटे त्याच्यापुढे समोसे सरकवत होता.

"माझ्याकडे ज्युनियरच नाही, मॅडम," पराग म्हणाला. "माझंच धड भागत नाही, ज्युनियर कुठून ठेवू? हे विरुद्ध बाजूच्या वकिलाचं काम आहे. त्यानेच कुणाला तरी पाठवलं."

"मॅडम, पराग असलं करणाऱ्यातला नाही," दिगंबर कळवळून म्हणाला. "कसम से. कॉलेजपासून ओळखतो मी याला."

"तुम्हीही वकील?"

"होतो. आता मंडीदीपला कंपनीत विधी अधिकारी आहे."

"दोघांनी एकदमच सनद घेतली," पराग म्हणाला. "पावसाळ्यात कोर्टात जायला लागलो आणि होळीच्या आधी याला नोकरी लागली. पगारी नोकरीत वकिली करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. याने केली, मी राहिलो लटकत."

"बरं केलं," दिगंबर हसला. "भोपाळच्या मे महिन्यात तो काळा कोट चढवून कोर्टात उभं राहायचं म्हणजे काय शिक्षा आहे यार!"

पराग काही बोलणार होता, पण मनोरमाबाईंनी हातानेच त्याला थांबवलं. दिगंबरने हातात दिलेला समोसा त्यांनी खाली ठेवला आणि कुसुमला फोन करून बोलावून घेतलं. ती येईपर्यंत त्या पंख्याखाली डोळे मिटून बसल्या. दिगंबरला काम आठवलं, पण बाईंनी त्याला बसवून ठेवलं.

कुसुम दारातच थबकली. "हाच! हाच तो ज्युनियर."

पराग उठून उभा राहिला.

"बसा," मनोरमाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात कोटाची सक्ती नसते. पांढरा शर्ट आणि बँड पुरतो. त्या दिवसांत इथला कुठलाही वकील कोट घालून दारोदार फिरणार नाही, विरुद्ध बाजूचाही नाही. म्हणजे आलेला माणूस आजचा वकील नव्हता. पण बँड नीट बांधलेला, बोलणं वकिली, आणि कोट बरेच दिवस ट्रंकेत पडलेला. म्हणजे कधीतरी वकील होता. दिगंबर, तुम्ही कोर्टाचा पावसाळा पाहिलात, हिवाळा पाहिलात. उन्हाळा पाहिलाच नाही. म्हणून मघाशी तसं बोलून गेलात."

दिगंबरची मान खाली गेली.

"विजयराव तुमचे साहेब ना?"

"नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, मॅडम," तो म्हणाला. "ते म्हणाले, नुसता पत्ताच तर आणायचाय."

"हे उद्या समितीपुढे आणि मग कोर्टात सांगायचं. सनद स्थगित असताना वकील म्हणून मिरवलात, तुमचं पुढे काय ते तिथे ठरेल."

परागने सुस्कारा सोडला. "म्हणजे मी सुटलो?"

मनोरमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना त्याची दया आली आणि रागही आला. "कुसुमताईंकडे साक्षीदार आहे, हे दिगंबरला कुणी सांगितलं?"

"चहा पिताना बोललो असेन," पराग पुटपुटला. "मित्र आहे माझा."

"अशिलाची गोष्ट बायकोलाही सांगायची नसते, मग मित्र कसला? सनद जाणार नाही, मी जाऊ देणार नाही. पण ताकीद मिळेल, ती मीच लिहीन. आणि उद्या समितीपुढचं आटोपलं की स्वतः इटारसीला जाऊन त्या मिस्त्रीची समजूत काढून आणा."

परागने कुसुमकडे पाहिलं. "वहिनी, केस माझ्याकडेच ठेवाल?"

कुसुमने पदराने डोळे पुसले.

"ठेवीन," ती म्हणाली. "पण यापुढे चहाला एकटेच बसत जा."