घंटेतला रुमाल

शेवटच्या थांब्यावर बसमधून दोघंच उतरले. एक चिनात्सु नागोशी, आणि दुसरा मागच्या बाकावर पेंगत बसलेला एक तरुण. धुकं अजून रस्त्यावरून उठलं नव्हतं. वरच्या कड्यापासून पानांची लाली उतरत उतरत अर्ध्या डोंगरापर्यंत आली होती. या दिवसांत इथे देवळाचा पुजारीसुद्धा गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो. आणि या गृहस्थाकडे होती एक साधी पिशवी, आणि कमरेला अस्वलाला चाहूल लागावी म्हणून सगळेच बांधतात ती घंटा. चिनात्सुच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

"कॅमेरा विसरलात वाटतं," ती म्हणाली.

"डोळे आणलेत की. त्यांची बॅटरी संपत नाही."

हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ती आपल्याला दिसली याचा चिनात्सुला रागच आला. वाट फुटते तिथे तो पुढे निघून जावा म्हणून ती बुटाची नाडी बांधत बसली, तर तोही चार पावलांवर वाकून नाडी बांधायला लागला. त्याच्या पायांत रबरी गमबूट होते. त्यांना नाड्याच नव्हत्या.

संशय घ्यायला तिच्याकडे कारण होतं. तिच्या वडिलांनी पलीकडच्या खोऱ्यात एक मेपल शोधला होता आणि भोळेपणाने एकाच मित्राला दाखवला होता. पुढच्या शरदात तिथे ट्रायपॉडांची रांग लागली. मुळांवर इतके पाय पडले की झाड शेंड्याकडून वाळत गेलं, आणि ते तोडलं त्या वर्षी वडिलांनी कॅमेरा कपाटात ठेवला. त्याआधी शोधलेला दुसरा मेपल, ओढ्याकाठी, शेवाळलेल्या खडकावर वाकलेला, तेवढा त्यांनी लेकीला दिला. तो जपायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. चिनात्सुने आजवर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तो बसमध्ये होता. त्या दिवशी ती मुद्दाम दुसऱ्याच दिशेला भटकली आणि हात हलवत परतली. संध्याकाळी तिने ड्रायव्हरला त्या तरुणाबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. कोहेइ, इवाबुचींचा धाकटा, असं ड्रायव्हर म्हणाला, वसंतात टोकियोची नोकरी सोडून आलाय. गरम पाण्याच्या कुंडांजवळ इवाबुचींची सराई होती, आणि तिथल्या भिंतीवर तिच्या वडिलांनी भेट दिलेला ओढ्याकाठच्या त्याच मेपलचा फोटो होता. ही जागा कुठे, असं पाहुणे विचारायचे आणि म्हातारे इवाबुची आपल्याला ठाऊक नाही म्हणून हळहळायचे. आता मुलाला मागावर सोडलं होतं तर.

तिसऱ्या दिवशी वाट फुटताच तिने रुमाल काढला आणि आपल्या घंटेत कोंबला. घंटा मुकी झाली. पाठीमागची घंटा किणकिणतच होती. चिनात्सु वाट सोडून बांबूच्या गवतात शिरली आणि ओढ्याच्या कडेकडेने चढत गेली.

मेपल पेटला होता. दुसरा शब्द तिला सुचेना. खडकावर चार-दोन पानं गळून पडली होती आणि ऊन कड्यावरून खाली यायला क्षणभराचाच अवकाश होता. तिने ट्रायपॉड उभा केला, श्वास रोखला...

आणि खालून घंटेचा खणखणाट ऐकू आला. कुणीतरी जिवाच्या आकांताने धावत होतं. गवत दुभंगलं आणि कोहेइ बाहेर पडला, टोपी गेलेली, मनगटावर ओरखडा, तोंडचं पाणी पळालेलं.

"आहात तुम्ही," तो धापा टाकत म्हणाला आणि मटकन खाली बसला. "आहात..."

ऊन आलं आणि निघूनही गेलं. फोटो राहिलाच.

"इथे कसे आलात?" तिने विचारलं.

"धावत."

"वाट कुणी दाखवली?"

त्याने सरळ सांगून टाकलं. वडिलांनी फोटोतली जागा शोधायला लावली होती. उन्हाळाभर तो हिंडला, आणि झाड हिरवंगार असताना त्याने ते खडकावरून ओळखलं. पण त्याखाली बसल्यावर ते कुणाला सांगावंसं वाटेना. घरी सांगितलं की सापडत नाही.

"आणि तरी रोज माझ्या मागे?"

"यंदा रानात बीचच्या झाडांना फळं धरलीच नाहीत. अस्वलं खाली उतरलीत. तुम्ही एकट्या चढता... घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचं, असं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी तेवढंच होतं—"

"आणि नंतर?"

"नंतर घंटा आवडायला लागली." तो ओरखड्याकडे बघत म्हणाला. "आज ती थांबली, नागोशी-सान. मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते विचारू नका."

तिला भरून आलं. त्याला तसं दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून ती भिंग पुसत राहिली.

"बापाशी खोटं बोललात. मग माझ्याशी खरं कशावरून?"

"तेही खरंच," तो म्हणाला. "रविवारी जोडून सुट्टी आहे. सगळा गाव फोटोवाल्यांनी भरेल. मी कुणाला सांगितलं असेल तर झाडाखाली गर्दी दिसेलच. तेव्हा या आणि बघा."

"बघते. पण तुम्ही वर यायचं नाही."

त्याने मान डोलावली.

रविवारी ती झाडाखाली डोळ्यांत तेल घालून बसली. पान गळलं तरी दचकत होती. ऊन आलं, फोटो झाला, फोटो सुरेखच झाला. कुणी फिरकलं नाही. ओढा तेवढा वाजत होता. आणि तिच्या लक्षात आलं, आपण गर्दीची चाहूल घेतच नाही आहोत. आपण एका घंटेची वाट बघतोय, आणि ती येऊ नये असं सांगितलंय आपणच.

ती भराभर खाली उतरली. वाट फुटते तिथल्या वळणावर माणसांचे आवाज आले, तशी ती थबकली. ट्रायपॉडवाल्यांचा घोळका होता, आणि मधोमध कोहेइ, मनगटाला पट्टी बांधलेला.

"वर काही राहिलं नाही हो," तो अतिशय संभावितपणे सांगत होता. "वाऱ्याने सगळी पानं झडली. धबधब्याकडे जा, तिकडे रंग आहे."

"ही पोरगी वरूनच येतेय की," एक आजोबा म्हणाले. "काय गं, काही आहे का वर?"

कोहेइने वळून पाहिलं. चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव.

"अस्वल आहे, आजोबा," चिनात्सु म्हणाली.

घोळका धबधब्याकडे वळला. ते दोघंच उरले. तिने आपल्या घंटेत बोट घालून तो चुरगळलेला रुमाल ओढून काढला. घंटा किणकिणली. त्याची पट्टी सुटत आली होती, ती काढून तिने तो रुमाल त्याच्या मनगटावर बांधला आणि गाठ जरा जास्तच वेळ आवळत राहिली.

"उद्या पहिल्या बसने येतेय," ती गाठीकडे बघत म्हणाली. "कॅमेरा नसलेला माणूस लागेल. ट्रायपॉड धरायला."

"मागून येऊ ना, चिनात्सु-सान? नेहमीसारखा?"

"नको. मागून आलात की मला संशय येतो," ती म्हणाली. "बरोबर या."