चावीचा फाटा

पिकअपचं वायरिंग जळालं ते ताईच्या पथ्यावरच पडलं, असं तिच्या धाकट्या भावाचं म्हणणं. वडिलांनी जाताना गाडी त्याच्या नावावर केली आणि महिना उलटायच्या आत ती टो होऊन ताईच्याच वर्कशॉपमध्ये आली. "झालं ना तुझ्या मनासारखं?" तो आल्या आल्या म्हणाला. ताईने बॉनेट उघडलं. जळक्या प्लास्टिकचा वास भसकन नाकात गेला. भावाच्या तोंडी लागण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून ती वायरीच बघत राहिली.

गाडी चाळीस वर्षांची. वायरींचा अख्खा गुच्छ, म्हणजे हार्नेस, बदलायलाच हवा होता. बाजारात तयार मिळतो, पण तो कुणी अंदाजाने बनवलेला. दिव्याची वायर दिव्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. भंगारातून काढावा तर तोही तितकाच म्हातारा. राहिला तिसरा मार्ग, घरच्या घरी बनवायचा. जुना हार्नेस प्लायवूडवर पसरायचा, प्रत्येक वळणावर खिळा ठोकायचा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची आणि त्याच वाटेने नव्या वायरी न्यायच्या. हे काम ताईने डोळे मिटून केलं असतं.

"सोमवारी पोरगी कामावर रुजू होणार आहे," धाकटा म्हणाला. "नर्सरीतली रोपं गावभर पोचवायची. गाडी असली तरच घेणार आहेत तिला. उगाच अडवून ठेवू नकोस."

भाची मागे उभी होती. एकोणीस वर्षांची, बडबडी, आणि त्या घरात ताईशी धड बोलणारी एकटी तीच. "आत्या, मी एकटीच फिरणार हं गाडी घेऊन," ती म्हणाली, "बाबांनासुद्धा बसवणार नाही." ताईला हसू आलं. या पोरीत तिचा जीव होता. आपल्याला जे मिळालं नाही ते हिला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिला का मिळालं नाही, तर वडिलांमुळे. उजवा हात लुळा पडल्यावर नऊ वर्षं ते या गाडीत डाव्या सीटवर बसले. स्टिअरिंग उजवीकडे, तिथे ताई. ब्रेक मार. हॉर्न दे. वळव, अक्कल गहाण टाकलीस का? ऐकायला जरा उशीर झाला की ते धड असलेल्या डाव्या हाताने तिचं मनगट आवळायचे. त्याच सीटवरून त्यांनी तिची कारखान्यातली नोकरी सोडवली, पुढे ठरलेलं लग्नही मोडलं. ते गेले तेव्हा ताई रडली नाही, आणि लोकांनी नावं ठेवली ती ठेवलीच.

बुधवारी दुपारी हार्नेस तयार झाला. ताईने तो डॅशबोर्डमागे लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला. चावीची वायर, म्हणजे चावीचा फाटा, डावीकडे येत होता. हॉर्नचा फाटाही डावीकडे. जुना हार्नेस फळीवर उपडा पसरला की असं होतं, आरशातल्यासारखी उलटी नक्कल निघते. शिकाऊ माणसाची चूक. ताईकडून ती इतक्या वर्षांत झाली नव्हती.

तिने सगळं उचकटलं. फळीच्या दोन टोकांना खडूने 'उजवं' आणि 'डावं' लिहिलं. चावीच्या फाट्याला लाल चिठ्ठी बांधली आणि दर तासाला ती चिठ्ठी उजव्या टोकाला आहे ना, हे पाहिलं. गुरुवारी काम संपलं तेव्हाही ती उजवीकडेच होती. हार्नेस उचलून ती चार पावलं चालली, गाडीत वाकली, आणि लाल चिठ्ठी डाव्या सीटसमोर लोंबकळायला लागली.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. कुणीतरी आपली खोडी काढतंय, असंच तिला वाटलं. पण वर्कशॉपमध्ये दुसरं होतं कोण?

शुक्रवारी ती भंगारवाल्याकडे गेली. त्याच मॉडेलची एक गाडी तिथे पडून होती. भंगारवाल्याने हार्नेस काढून तिच्यासमोर जमिनीवर अंथरला आणि चावीचा फाटा बोटाने दाखवला. "उजवीकडेच येणार ना, ताई. ड्रायव्हर बसतो तिकडे."

"पुन्हा बघ."

"अहो, दहा वेळा बघितलं तरी तेच." तो तिच्याकडे विचित्र नजरेने पाहायला लागला.

परत येऊन तिने आपला नवा हार्नेस पिकअपमध्ये पुन्हा लावला, तर तो फाटा डावीकडेच आला. आणि उलटा हार्नेस खरं तर गाडीत बसायलाच नको. लांबच्या टोकाला आखूड वायर येते, तिच्यावर ताण पडतो. हा मात्र कुठेही ओढावा लागला नाही. एकेक कनेक्टर आपल्या जागी टक्कन बसला. हेडलाइट लागले, वायपर फिरले. बंद काचांच्या आत बामाचा उग्र वास दाटला होता. वडील खांद्याला चोळायचे तो.

ताई बाहेर आली आणि नळाखाली हात धूत राहिली.

शनिवारी धाकटा आला. "ही गाडी पोरीला देऊ नकोस," ती म्हणाली. "माझी व्हॅन ने. कायमची ने."

"का?"

काय सांगणार? "वायरिंगचा भरवसा नाही."

"तुझ्या हातचं वायरिंग, आणि भरवसा नाही?" तो हसला. "सरळ सांग ना, पोटात दुखतंय म्हणून. स्वतः घरात सडलीस, आता तिलाही सडवायचंय."

ते तिच्या वर्मी लागलं. तिथेच ती चुकली. तो गेल्यावर तिने डावीकडच्या फाट्याला हातभर नवी वायर जोडली, सांधा झाळून टेप गुंडाळली आणि चावी ओढून उजवीकडे आणली. "मेल्यावर तरी माझं ऐका," ती रिकाम्या गाडीला म्हणाली.

रविवारी तिने स्वतः गाडी तासभर फिरवली. सगळं चोख. दिवे, हॉर्न, ब्रेक, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. एवढंच की प्रत्येक वळणावर तिने ठरवायच्या आधी पाय ब्रेकवर गेलेला असायचा. जुनी सवय, असं तिने मनाला बजावलं. डाव्या सीटकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी भाची गाडी घेऊन गेली. दुपारी बाराच्या उन्हात पिकअप वर्कशॉपच्या दारात येऊन थांबली. मागचा हौदा रोपांनी भरलेला होता. एकही रोप उतरवलं नव्हतं.

भाची उजव्या दाराने उतरली. इंजिन चालूच होतं.

"कशी चालते?"

"छान चालते, आत्या."

"ब्रेक?"

"चांगले असतील." ती जमिनीकडे बघत होती. "मला पाय लावू दिला नाही."

ताईने मागच्या हौद्याकडे बोट केलं. "आणि ही रोपं?"

"परत करायचीत. नर्सरीत फोनवर सांगितलं, उद्यापासून जमणार नाही म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

भाची गाडीकडे वळली. तिचा आवाज इतका खाली गेलेला ताईने कधी ऐकला नव्हता. "बाजूला हो ना, आत्या. उशीर झालेला चालत नाही."

ताईने तिचा दंड धरला. पोरीने तो हळूच सोडवून घेतला, आत बसली, दार ओढलं.

मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाडी मागे सरकली, व्यवस्थित वळली आणि रस्त्याला लागली.