सहा व्होल्ट

नऊ दिवस झाले, रोज सकाळी सातला हेमंत पांढुर्ण्याहून वायरलेसवर हाक देत होता आणि सौंसरहून भगवंतरावांचं उत्तर काही येत नव्हतं. दहाव्या दिवशी हा रिटायर पोलीस वायरलेसवाला मीटर पिशवीत टाकून बसमध्ये बसला.

भगवंतराव जिवंत होते. कानाला हेडफोन, डावा हात मोर्सच्या चावीवर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची वाचा नेली, उजवा हातही नेला. तेव्हापासून ही टिकटिक हेच त्यांचं बोलणं, आणि ते घरात कोणालाच कळत नव्हतं. रिसीव्हर वेगळा, त्यामुळे हेमंतची हाक रोज ऐकू येत होती. स्वतःच्या हातानं बांधलेला पाठवायचा सेट मात्र मुका झाला होता.

हेमंतनं झाकण काढलं. आतला ट्रान्सफॉर्मर भलताच होता. काळा, बिनालेबलचा.

"हा कोणं बसवला?"

"मले का माहीत, काका?" मुलगा वैभव म्हणाला. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं.

"ट्रान्सफॉर्मरात तांबं असते, अन् तांब्याचा धंदा तुहाच हाये."

"म्हणून बापाचा सेट फोडीन काय? अन् हे काचेचे वाल्व्ह त पेटून राहिले, पाहा न."

पेटत होते खरे. हेमंतनं ट्रान्सफॉर्मर सोडवला, मीटरनं तारांच्या जोड्या शोधल्या आणि साठ वॅटच्या बल्बमधून जपून करंट दिला. अनोळखी मालाचा भरवसा काय! एका जोडीवर सहा व्होल्ट आले, बाकी काहीच नाही. सेटमधल्या सहाशे व्होल्टच्या तारा मोकळ्याच होत्या. त्यांच्या टोकांना कोणीतरी नळी चढवून मेणदोऱ्यानं नीट बांधलं होतं.

"वैभव, अशी गाठ तुले येते?"

"नाही जी. दुकानात आम्ही टेप मारतो. बाबा कॉइल गुंडाळत, अन् बांधाचं काम आईचं."

तेवढ्यात वैभवची आई, कलाबाई, चहा घेऊन आल्या. हेमंतच्या अगदी जिवावर आलं, पण बोलणं भाग होतं.

"चोर असता त ट्रान्सफॉर्मर घेऊन पसार झाला असता. वाल्व्ह पेटते ठेवाची त्याले का पडली होती? वाल्व्हले सहा व्होल्ट पुरतात. हे ज्यानं केलं, त्याले सेट चालू दिसाले पाहिजे होता, पण जीव घेणारे सहाशे व्होल्ट नको होते. गाठ तुमची हाये, वहिनी."

कलाबाईंनी कप खाली ठेवले.

"हो, म्याच जुना काढला अन् दुकानातला हा बसवला. यायनं आत हात घातला अन् करंट लागून फेकल्या गेले. हात सारखा कापते, तरी ऐकत नाहीत. मले हे जित्ते पाहिजेत, भाऊजी. बोलले नाही तरी चालते."

"जुना कुठी हाये?"

"भंगारवाल्याले देऊन देल्ला. आतापर्यंत भट्टीत गेला असन."

तसला दुसरा हेमंतकडे नव्हता. असता तरी बसवायची छाती झाली असती का, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गुन्हेगार सापडला, पण करायचं काय? त्याला स्वतःचाच राग आला.

भगवंतरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हेडफोन काढला, हेमंतचा हात ओढून घेतला आणि ते त्याच्या तळव्यावर मोर्समध्ये बोट आपटू लागले. बराच वेळ.

"का म्हणून राहिले हे?" कलाबाईंनी विचारलं. पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं बोलणं परक्याला विचारायची वेळ आली होती.

"तुमच्यावर राग नाही म्हणतात," हेमंत म्हणाला. "विचारतात, आता मी बोलू कोणासंग?"